साडेबाराला मागे फिरायचं

पालकसभेत अगदी मागच्या बाकावर बसलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. हातात संमतिपत्र होतं. त्याची घडी घालत, पुन्हा उलगडत त्यांनी विचारलं, "सर, सगळी मुलं वर पोचतील ना?"

"सगळी मुलं खाली पोचतील, एवढं सांगतो," मी म्हणालो.

वर्गात हशा पिकला. मी विनोद केला असंच सगळ्यांना वाटलं. त्या बाईही हसल्या, पण खाली बसताना त्यांनी ते संमतिपत्र पर्समध्ये ठेवून दिलं. माझ्याकडे दिलं नाही. हे माझ्या लक्षात आलं, पण त्या गडबडीत मी त्याचा विचार केला नाही. तो करायला हवा होता.

मी नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि गेली अठरा वर्षं शाळेचं स्काऊट पथक चालवतो. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, डाव्या हातानं हस्तांदोलन आणि 'खरी कमाई'च्या दिवसांत दारोदार "काका, काही काम आहे का?" असं विचारत फिरणारी मुलं, एवढीच स्काऊटची ओळख बहुतेकांना असते. आमच्या २८ मुलांनी त्या वर्षी गाड्या धुऊन, रद्दी वेचून, एका आजोबांच्या अंगणातलं गवत काढून पैसे साठवले होते. त्या पैशांचं काय करायचं, यावर संघनायकांची बैठक बसली आणि पाच मिनिटांत ठराव झाला : कळसूबाई.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. मोबाईलवरच्या चित्रफितींत मुलांनी ते शंभरदा पाहिलेलं. ढगांच्या वर उभं राहून हात पसरणारी माणसं, लोखंडी शिड्या, माथ्यावरचं देवीचं इवलंसं देऊळ. त्या चित्रफिती अर्ध्या मिनिटाच्या असतात. चढ मात्र पायथ्याच्या बारी गावापासून सुमारे २७०० फुटांचा, आणि चाल साडेसहा किलोमीटरच्या आसपास. तेवढंच परत यायचं, तेही एका दिवसात, आणि मुलं सातवी ते नववीची.

"सर, तीन तासांत वर," एक संघनायक म्हणाला. "माझा दादा अडीच तासांत गेला होता."

"दादा एकटा गेला होता की २८ जण घेऊन?" मी विचारलं, आणि फळ्याकडे गेलो. गणिताच्या मास्तरला दुसरं काय सुचणार!

विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब सांगून ठेवला आहे. दर तीन मैलांच्या चालीला एक तास धरा, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास मिळवा. आमचे चार मैल आणि २७०० फूट या हिशेबात बसवले, तर पावणेतीन तास झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, "यात शिड्या कुठे आहेत?"

कळसूबाईच्या वाटेवर तीन-चार अवघड जागी उभ्या कातळाला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. मुलं आणि मोठी माणसं धरून आम्ही ३३ जण. शिडीवर एका वेळी तिघांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे एकामागून एक निघताना दोघांत ४० सेकंदांचं अंतर धरायचं. ३३ जणांना एका शिडीला २२ मिनिटं लागतात. चार शिड्या म्हणजे जवळजवळ दीड तास! पहिला मुलगा वर पोचून शेंगदाणे खात बसलेला असतो, तेव्हा शेवटचा खालीच उभा असतो. त्यात दम खायचा, पाणी प्यायचं, बुटाचे बंद बांधायचे, फोटो काढायचे, याचा आणखी तास. फळ्यावर बेरीज सव्वापाच तासांवर गेली तेव्हा वर्ग शांत झाला.

आता उलटं गणित. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधारात मुलांना शिडीवर उतरवायचं नाही, हे ठरलेलं. उतरायला अडीच तास, शिड्यांचा दीड तास, जेवणाचा अर्धा तास. पाच वाजता बारीत पोचायचं, म्हणजे एक तास हाताशी उरतो. तर दुपारी साडेबाराला, जिथे असू तिथून, मागे फिरायचं.

"जिथे असू तिथून म्हणजे? देऊळ दिसत असलं तरी?" नववीतल्या एकानं विचारलं.

"देऊळ दिसत असलं तरी."

"आणि हे कोण सांगणार?"

मला बोलायचं होतं "मी". पण स्काऊटिंगची सगळी इमारत ज्या विटेवर उभी आहे ती वीट नेमकी इथे असते. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा वीसेक मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर टाकली. मोठ्यांनी मागून बघायचं. भाषणात हे सांगायला फार छान वाटतं. मी तरी दर वर्षी सांगतो. या वेळी मुलांनी मला शब्दात पकडलं. बऱ्याच वादानंतर असा नियम झाला की चार संघनायकांपैकी एकानं जरी 'परत' म्हटलं, तर सगळं पथक परत. मतदान नाही, चर्चा नाही आणि सरांनाही ते फिरवता येणार नाही.

मी सही केली. वहीत ती अजून आहे.

तीन आठवडे आधी दोन मोठी मुलं आणि पथकाचाच एक माजी विद्यार्थी, आता बावीस वर्षांचा, यांना घेऊन मी पाहणीला गेलो. बारी गाव अकोले तालुक्यातलं. जिल्हा तेव्हा अहमदनगर होता, आता त्याचं नाव अहिल्यानगर आहे. गावातल्या एका मामांना वाटाड्या म्हणून बरोबर घेतलं. पन्नाशी उलटलेली, पायात साधी चप्पल आणि चढताना सलग गप्पा. आमची बोलायची ताकद पहिल्या अर्ध्या तासातच संपली होती.

पाहणी म्हणजे नुसतं चढून येणं नव्हे. प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावायचं. मोबाईलची रेंज कुठे जाते आणि कुठे येते ते लिहायचं. १०८ची रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते ते विचारायचं. २८ मुलांना एकदम बसता येईल अशा सावलीच्या जागा शोधायच्या. त्या फार नाहीत. सुगंधी फवारे मारून कुणी यायचं नाही, हेही मामांनीच सांगितलं. आग्या मोहोळाच्या माशांना तो वास चालत नाही. (नववीच्या मुलांना या नियमाचं जेवढं दुःख झालं तेवढं पहाटे तीनला उठण्याचंही झालं नाही.)

शेवटच्या शिडीच्या अलीकडे थोडी सपाटी आहे, तिथे विहीर आहे. त्या विहिरीपाशी बसून मामांनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. इंदोरे गावात एका घरी कळसू नावाची मुलगी कामाला आली. तिची अट एकच होती : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. एके दिवशी मात्र तिला ते काम सांगितलंच. तिनं ते केलं, आणि मग जी निघाली ती डोंगरावर येऊन राहिली, ती कायमची. जिथे तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ.

"शब्द मोडला ना तिच्याशी," मामा म्हणाले.

मग उठता उठता त्यांनी विचारलं, "सर, तुमी येनार कंच्या वारी?"

"रविवारी."

मामांनी डोकं हलवलं. "आइतवारी लई मानूस असतं. मधल्या वारी या."

मला ते पटलं होतं. पण मधल्या वारी शाळा असते. शनिवारसाठी मी अर्ज केला, परीक्षेचं कारण सांगून तो नामंजूर झाला. मग मी मनाशी म्हटलं, पहाटे लवकर निघू, गर्दीच्या पुढे राहू. सगळ्या नियोजनात हीच एक गोष्ट मी फळ्यावर मांडली नाही, आणि चुकली ती हीच.

पाहणीच्या पुढच्या रविवारी सराव म्हणून पथक रामशेजवर नेलं. त्याआधी पांडवलेणीच्या पायऱ्या मुलांनी रोज शाळा सुटल्यावर आठवडाभर चढल्या होत्या. रामशेज काही फार उंच नाही. तरी निम्म्या वाटेवर सातवीतला एक मुलगा मागे पडला. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर आलेले, आणि श्वासाबरोबर बारीक शिटीसारखा आवाज. मी धावत गेलो. त्यानं खिशातून पंप काढला, दोनदा ओढला आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "सर, आईला सांगू नका मी सगळ्यांसमोर घेतला ते."

दमा. त्याच्या संमतिपत्रावर 'काही आजार आहे काय?' या प्रश्नापुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'नाही.'

संध्याकाळी त्याची आई शाळेत आली. सभेत मागच्या बाकावरून प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाई. मी जरा रागातच होतो. "ताई, हे लपवायची गोष्ट आहे का? वाटेत काही झालं असतं म्हणजे?"

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लिहिलं असतं तर तुम्ही त्याला नेलं असतं का, सर?"

मी काही बोललो नाही. कारण उत्तर मला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी असाच एक मुलगा होता, त्याच्या वडिलांनी फॉर्मवर प्रामाणिकपणे 'दमा' असं लिहिलं होतं. मी लाल पेनानं त्याचं नाव यादीतून कमी केलं. घरी फोनही केला नाही. बस निघाली तेव्हा तो गणवेश घालून फाटकापाशी सोडायला आला होता. आता तो मोठा झालाय, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याचा चेहरा त्या दिवशी मला शाळेच्या ऑफिसात, त्या बाईंच्या खुर्चीमागे दिसत राहिला.

त्या रात्री मी संमतिपत्र नव्यानं लिहिलं. 'काही आजार आहे काय?' हा प्रश्न काढून टाकला. त्या जागी लिहिलं, 'आपला मुलगा सर्वांबरोबर चढावा यासाठी आम्ही काय काळजी घ्यावी?' खाली चार ओळी मोकळ्या ठेवल्या. आणि सगळ्या २८ घरांत ते पुन्हा पाठवलं.

जे परत आलं ते वाचून मी थक्क झालो. एकाला उंचावर डोळे फिरतात. एकाला मधमाशी चावली की अंग सुजतं. एक मुलगा बसमध्ये ओकतो. एकाचा उजवा गुडघा गेल्या वर्षी निखळला होता. एकाला, हे त्याच्या आजीनं लिहिलं होतं, "भूक लागली की रडू येतं, पण सांगत नाही." पहिल्या फॉर्मवर या सगळ्यांपुढे 'नाही' होतं!

पंपवाल्या मुलाच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोललो. त्यांनी लेखी कळवलं की जायला हरकत नाही. निघण्याआधी पंप घ्यायचा, गारठ्यात तोंडावर रुमाल ठेवायचा आणि एकदम जोरात चढायचं नाही. दोन पंप घ्यायचं ठरलं, एक त्याच्या खिशात, एक माझ्याकडे. आणि त्याला उभं करायचं रांगेत सगळ्यात पुढे.

हे पुढे उभं करणं पुष्कळांना उलटं वाटतं. पण हळू चालणारा मागे असला की काय होतं पाहा. पुढचे थांबून त्याची वाट बघतात, त्यांची विश्रांती होते. तो धापा टाकत येऊन पोचतो आणि नेमके तेव्हाच पुढचे उठून चालू लागतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. तोच पुढे असला की सगळं पथक त्याच्या पावलानं चालतं आणि रांग तुटत नाही. सगळ्यात शेवटी आमचा तो माजी विद्यार्थी, ज्याच्या मागे कुणीही राहायचं नाही.

बाकीची तयारी घराघरांत झाली. प्रत्येकी तीन लिटर पाणी. बटाटेवडे आणि वेफर्स बाद. मेथीचे ठेपले, शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून केलेला लाडू, चिक्की, खजूर, संत्री. संत्र्यांच्या साली परत आणायच्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जीवनजल प्रत्येक संघानं घरी एकदा करून, पिऊन दाखवलं. अर्ध्याऐवजी दीड चमचा मीठ घालणाऱ्या संघाला ते आम्ही संपवायला लावलं नाही, एवढीच दया केली. स्वेटर सगळ्यांनी घ्यायचा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. आमच्या चढाईत पाच अंशांचा फरक, आणि वर वारा.

२०२३ च्या डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही बारीतून निघालो तेव्हा सात वाजले होते. फळ्यावरच्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटं उशीर. गावाबाहेर वाटेवर देवीचं एक लहान देऊळ लागतं. मामा म्हणाले, "ज्येला वर जाववत न्हाई त्येनं हितूनच हात जोडायचे. पोचतो नमस्कार." मुलं हसून पुढे गेली. त्यांच्यासाठी ते देऊळ नव्हतंच.

पहिले दोन तास इतके सुरेख गेले की मला माझ्या नियोजनाचा गर्व वाटू लागला. पंपवाला मुलगा पुढे, त्याच्या मागे मामा, संथ लयीत सगळी रांग. एकदा त्यानं हात वर केला, सगळे थांबले, पाणी प्याले, चालू लागले. खालची भाताची खाचरं लहान लहान होत गेली. पहिली शिडी २४ मिनिटांत पार.

दुसऱ्या शिडीपाशी रांग होती. आमची नव्हे, लोकांची. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसनं येऊन, अंधारात चढून सूर्योदय पाहिलेले शेकडो लोक आता उतरत होते, आणि आमच्यासारखेच शेकडो चढत होते. वाट एकच. कुणी मध्येच शिडीवर थांबून फोटो काढत होतं. आम्ही ५० मिनिटं एका कातळाला पाठ लावून उभे राहिलो. पुढच्या शिडीला तेच. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि मुलांनी ते बघू नये म्हणून हात खिशात घालत होतो.

विहिरीपाशी आमचा शेवटचा मुलगा पोचला तेव्हा बारा पस्तीस झाले होते. समोर एकच शिडी उरली होती. तिच्यावर, तिच्याखाली माणसांचा गुच्छ. मामा जाऊन पाहून आले. "तासभर तरी लागल, सर."

मला खरं सांगायला हवं. माझ्या मनात त्या क्षणी 'परत' नव्हतं. माझ्या मनात होतं, एक तास ना, आपल्या हाताशी एक तास ठेवलाच आहे. मुलांनी गाड्या धुतल्या आहेत. पालकांना काय सांगू? आणि लाजेची गोष्ट म्हणजे, मलाच वर जायचं होतं. पाहणीच्या दिवशी वर भन्नाट वारा आणि धुकं होतं, अलंग-मदन-कुलंगची रांग दिसलीच नव्हती. आज आकाश निवळ होतं.

मी शिटी वाजवली. तीन छोट्या आणि एक लांब, म्हणजे संघनायकांनी हजर व्हायचं. चौघं आले. तिघं नववीतले, उंच, कालपरवाच मिसरूड फुटलेले. चौथा आठवीतला, चौघांत लहान, पंपवाल्या मुलाचा संघनायक. मी म्हणालो, "बोला." आवाजात मला काय हवंय ते पुरेपूर होतं, हे आता कळतं.

तिघं म्हणाले, "सर, जाऊ या."

चौथा खाली बघत होता. बुटाच्या टोकानं माती उकरत तो म्हणाला, "सर, साडेबारा वाजून गेले."

"अरे, एक तास जादा ठेवलाय ना," एक नववीतला म्हणाला.

"तो तास वर जायला नव्हता ठेवला. उतरताना पण हीच गर्दी असेल." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "परत."

त्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सर होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. माझी सही वहीत होती आणि वही खाली बसमध्ये होती. मी इतका वेळ गप्प राहिलो की मामांनीच विडी विझवून पिशवी उचलली.

"ठीक आहे," मी म्हणालो. "जेवून घ्या. परत."

काही मुलं चिडली, काही रडली. कुणीतरी म्हणालं की या दमेकऱ्यामुळे झालं. ते त्या मुलानं ऐकलं. तो मुळीच दमला नव्हता. तो पुढे आला आणि म्हणाला, "सर, मी चढू शकतो. मी आत्ता चढून दाखवतो." पंप त्यानं वाटेत एकदाही काढला नव्हता. मी त्याला सांगितलं की आपण गर्दीमुळे परत फिरतोय, तुझ्यामुळे नाही; उलट तुझ्या पावलामुळे इथवर एकही मुलगा थकला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्याला ते पुरलं असं दिसलं नाही. त्यानं ठेपला खाल्ला नाही. त्याच्या संघनायकानं तो त्याच्या खिशात कोंबला.

उतरताना दुसऱ्या शिडीला आम्हाला ५५ मिनिटं लागली. गुडघा निखळलेला मुलगा शेवटच्या टप्प्यात लंगडू लागला, त्याची पिशवी दोघांनी वाटून घेतली. भूक लागली की रडणाऱ्याला त्याच्या संघातल्या मुलांनी न विचारता दर अर्ध्या तासानं चिक्की दिली. गावाबाहेरच्या त्या लहान देवळापाशी आलो तेव्हा सव्वापाच झाले होते, ऊन डोंगराच्या पलीकडे गेलं होतं. सकाळी हसलेली मुलं एकेक करून आत गेली, हात जोडून बाहेर आली. पंपवाला मुलगा बाहेरच थांबला.

"जा की रं," मामा म्हणाले.

"मी वरच करीन," तो म्हणाला.

बारीत पोचून तीनदा मुलं मोजली. २८. मोजणी, हातपाय धुणं, पिठलं-भाकरी होऊन बस सुरू झाली तेव्हा पूर्ण अंधार होता. खिडकीतून डोंगराकडे पाहिलं तर वर, शिड्यांच्या जागी, विजेऱ्यांचे ठिपके हलताना दिसत होते. आठवीतला तो संघनायक माझ्या शेजारच्या सीटवर होता. त्यानंही ते पाहिलं असावं. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही. थोड्या वेळानं तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

सोमवारी फोन आले. एका वडिलांनी सरळ विचारलं, "एवढे पैसे जमवले, पहाटे तीनला उठवलं आणि शेवटची एक शिडी राहिली म्हणता? मग नेलं कशाला?" मी त्यांना फळ्यावरचा हिशेब समजावला. त्यांना तो पटला नाही. नववीतल्या त्या तिघांनी आठवडाभर आठवीवाल्याशी बोलणं टाकलं. मी मध्ये पडलो नाही. पडायला हवं होतं की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. रविवार निवडण्याची चूक मात्र माझी होती आणि ती मी पुढच्या पालकसभेत उभं राहून सांगितली. त्या वेळी कुणी हसलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, पथकाची पहिली बैठक भरली. तिघं नववीतले दहावीत गेले होते, अभ्यासामुळे पथकातून मोकळे झाले होते. तरी त्यातला एक 'सहज' म्हणून आला आणि दाराशी उभा राहिला. फळ्यावर नवा हिशेब मांडायला मुलांनीच सुरुवात केली. रविवारवर फुली. शाळेला ऑगस्टपासूनच अर्ज द्यायचा, मधल्या वारासाठी. आदल्या रात्री बारीत मुक्काम, पहाटे उजाडताच चाल. दाराशी उभ्या असलेल्यानं तिथूनच सांगितलं, "शिडीला ४० सेकंद नाही, ५० धरा."

नवी संमतिपत्रं मी त्याच दिवशी वाटली. पंपवाला मुलगा आता आठवीत होता. त्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी परत आलं. खाली आईची सही होती, पण त्या मोकळ्या चार ओळी त्यानं स्वतःच्या अक्षरात भरल्या होत्या. पंपाचं नाव, किती वेळा घ्यायचा, डॉक्टरांचा नंबर. आणि शेवटच्या ओळीत, 'मला पुढे उभं करावं.'